उजव्या मनगटाची हकीकत

पूर्णा
रविवार, २३ जानेवारी १९९४

मुंजाजी,

तुझा पत्ता अकोल्याच्या गाडीवरच्या गार्डाकडून मिळवला. पंधरा वर्षं आणि पाच महिने झाले. अठ्ठ्याहत्तर साली मी तुला दोन पत्रं टाकली होती, एक सप्टेंबरात, एक डिसेंबरात. उत्तर आलं नाही. का आलं नाही ते मी विचारत नाही. काम आहे म्हणून लिहितोय, आणि हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणारं नाही.

छातीत धरतं. माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानापासून स्टेशनच्या पुलापर्यंत दोनशे दहा पावलं आहेत, मी मोजलीत. दिवाळीपासून तेवढी एका दमात होत नाहीत. आधी पोटऱ्या आवळतात, मग छाती. नांदेडच्या डॉक्टरांनी हैदराबादला धाडलं. तिथं जांघेतल्या नसेतून तार वर सरकवून बघितली, ती बेंबीच्या खालीच अडकली. बिडीनं पायाकडच्या नसा आधीच बुजवून ठेवल्यात. छाती उघडून ऑपरेशन करावं तर फुफ्फुसं धड नाहीत. तीस वर्षं वार्निशची वाफ खाल्ली, त्याचं बक्षीस.

तिथं डॉ. मुर्तुझा म्हणून एक आहेत, पस्तिशीचे, हॉलंडात शिकून आलेले. वॉर्डातल्या पंख्याचं बेरिंग गेलंय हे मी पडल्या पडल्या आवाजावरून सांगितलं, तेव्हापासून मला उस्ताद म्हणतात.

“उस्ताद, दरवाजा बंद है तो खिडकी से जाते,” म्हणाले.

खिडकी म्हणजे मनगट. अंगठ्याच्या बाजूला नाडी बघतात ती नस. तिच्यात सुई टोचून बारीक नळी घालायची, नळीतून तार, ती दंडातून खांद्यातून थेट हृदयाच्या तोंडाशी. तारेवरून एक मिटलेला फुगा जातो, उदबत्तीच्या काडीएवढा. जिथं नस बुजलीय तिथं तो फुगवायचा, म्हणजे आतलं किटण भिंतीला चपटं बसतं आणि रक्ताला वाट होते. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. त्यात उजवं-डावं उलटं पडलंय हे मी लक्षात आणून दिलं. ते हसले. चित्र समोरच्या माणसाचं असतं म्हणे. ते मान्य.

मी विचारलं, कोपरातून का नाही? तिथली नस जाड असते.

“कोहनी पे एकच है उस्ताद. वो बंद हुई तो हाथ गया. कलाई पे दो हैं. एक गई तो दूसरी हाथ को पालती.”

मग त्यांनी माझी डावी मूठ आवळायला लावली, मनगटावरच्या दोन्ही नसा अंगठ्यांनी दाबल्या, मूठ उघडायला सांगितली. तळवा चुन्यासारखा पांढरा. मग करंगळीकडची नस तेवढी सोडली आणि तळव्यात रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजलं. दहाच्या आत यायला हवा. अकरा लागले. घरी आल्यापासून मी रोज मोजतोय: नऊ, अकरा, दहा, नऊ. डावा हात काठावर पास. उजव्याचा रंग दोन सेकंदांत येतो, म्हणून त्यांना उजवा हवाय. पण उजव्या मनगटावर तो व्रण. तिथं नाडी हाताला लागत नाही. नस बांधलेली आहे की नुसती दबलीय हे वरून कळत नाही. बांधलेली असताना तार घुसवली तर ती बंद बोळात शिरून नस फाडेल.

“टाँके किसने डाले? उनसे पूछो. नस बांधी थी, या खाली चमडी सी थी?”

टाके तू घातलेस. शेजारगावच्या दवाखान्यात तेव्हा तूच ड्रेसर होतास. म्हणून हे पत्र.

डॉक्टरांनी हकीकत लिहून घेतली ती अशी. ४ ऑगस्ट १९७८, शुक्रवार. विद्यापीठाच्या नावावरून सगळ्या मुलखात आग लागलेली, आपल्या गावच्या बौद्धवाड्यातली सात घरं त्या दुपारी जाळली, त्यात एक तुझं. वस्तीची लाईन गेली होती, विहिरीवरची मोटार बंद. ती जोडायला मी ट्रान्सफॉर्मरच्या डी.पी.वर गेलो, घाईत फ्यूजच्या कटआऊटची चिनी मातीची मूठ हातात फुटली, मनगट कापलं. तुझ्याकडे आलो, सात टाके. पंचनाम्यातही हेच आहे.

तुझी बहीण सुलाबाई दर राखीला एस.टी.नं पूर्ण्याला येते आणि त्याच मनगटावर राखी बांधते. “दादा, आमच्यापायी हात कापून घेतलास,” म्हणते. तू उत्तर दिलं नाहीस तरी ती येते, एवढंच कळवतो.

संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. लोक नामांतर म्हणतात, सरकारी कागदावर नामविस्तार आहे. इथं स्टेशनासमोर पेढे वाटले. मलाही एक दिला. मी घेतला.

२१ फेब्रुवारीची तारीख दिली आहे. त्याआधी कळव: नस बांधली होती की नाही.

बन्सीधर


पूर्णा
गुरुवार, ३ फेब्रुवारी १९९४

मुंजाजी,

अकरा दिवस झाले. अकोल्याला टपाल तीन दिवसांत पोचतं.

मागच्या पत्रात एक तपशील चुकला, तो दुरुस्त करतो. दुकानात मोटार बांधताना एक वेढा कमी पडला तरी मी अख्खी गुंडाळी उसवतो, हे तुला माहीत आहे. “वस्तीची लाईन गेली होती” असं मी लिहिलं. लाईन गेली नव्हती. मी काढली होती.

सरपंच व्यंकटराव पंचायतीच्या ओट्यावर चौघांत बसलेले. वेळ पावणेदोन.

“बन्सी, त्या अंगाची लाईन काढून ठीव आजच्या दिवस.”

“का हो, दादा?”

“लाऊडस्पीकर लावून सभा करायलेत म्हनं. तोंडं बंद ऱ्हाऊ देत जरा. तुला काय, कटआऊट काढायचा अन् खिशात घालायचा.”

“विहिरीची मोटार त्याच लाईनवर हाय.”

“आसू दे की. एक दिवस पोहऱ्यानं काढतेल पानी. तू लय इंजिनेर लागून गेलास व्हय? दाखव बरं सर्टिफिकीट.”

चौघं हसले. मुंजाजी, मी सातवी नापास. पुस्तकं आणून, तारा जोडून, झटके खाऊन शिकलो. पंचायतीचं वायरमनचं काम व्यंकटरावांच्या शब्दावर होतं. डी.पी.ची किल्ली माझ्याकडे होती. मी गेलो आणि दोन वाजता कटआऊट काढला.

घरं जाळणार हे मला माहीत नव्हतं. हे मी शपथेवर लिहितो. धूर दिसला तसा मी कटआऊट परत बसवायला पळालो, तेव्हा मूठ फुटली आणि हात कापला. म्हणजे पहिल्या पत्रातली हकीकत तेवढी खरीच आहे, फक्त सुरुवात चुकली.

पाच हॉर्सपॉवरची मोटार, दोन इंची पाईप. मिनिटाला तीनशे लिटर धरतो, कमीच धरतो. पेटल्यापासूनच्या पहिल्या चाळीस मिनिटांत बारा हजार लिटर. मातीची कुडं आणि गवताची छपरं, चार घरं तरी वाचली असती. हा हिशेब मी बऱ्याच वेळा केलाय. दरवेळी चारच येतात.

केशरनं, माझ्या बायकोनं, आत्ता विचारलं, “कुणाला लिहायलाव एवढं?” म्हटलं, दवाखान्याचं काम हाय. “दवाखान्याला दोन दोन कागदं लिहीत्यात व्हय?” म्हणाली आणि बिडीचं बंडल उचलून घेऊन गेली.

परवा दुकानात शटर ओढताना डोळ्यांपुढं अंधारी आली. नस बांधली होती का, एवढं एका कार्डावर कळवलंस तरी चालेल.

बन्सीधर


अकोला
९ फेब्रुवारी १९९४

बन्सीधर,

जय भीम.

हा पहिला परिच्छेद डॉक्टरांना दाखव. उजव्या मनगटाची अंगठ्याकडची नस पूर्ण तुटली होती. दोन्ही टोकं चिमट्यात धरून रेशमी दोऱ्यानं बांधली, प्रत्येक टोकाला दोन गाठी. डॉक्टर रजेवर होते, नस नसेला जोडणं माझ्या हातचं नव्हतं. जखमेतून चिनी मातीचा एक कपचा निघाला, ज्वारीच्या दाण्याएवढा. वर कातड्याला सात टाके. उजव्या हातातून तार घालू नये. डावा वापरावा.

एवढं कार्डावर लिहून टाकणार होतो. तेवढ्यात तुझं दुसरं पत्र आलं.

मी सत्तावीस वर्षं जखमा बघतोय. तू आलास तेव्हा पाच वाजायला आले होते. वरची पट्टी ताजी होती, रक्त ओलं. ती सोडली तर आत सदऱ्याची बाही रक्तानं कडक झालेली, जखमेच्या कडा काळ्या. तीन तासांची जखम होती. घरं पेटली चारला. कटआऊट दोनला काढलास हे तूच लिहिलंयस. पुढचा हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला येतो.

सातही टाके होईस्तोवर तू बोलला नाहीस. सातव्याची गाठ मारली तेव्हा म्हणालास, “वस्ती पेटलीय.” मी सायकलवर टांग टाकून सुटलो. आई विहिरीच्या काठावर बसलेली, दोन्ही तळहात दोरानं सोललेले, लुगड्याचा पदर फाटलेला. तुझी ताजी पट्टी कुठून आली ते तेव्हा कळलं. बाकीचं मग रात्रभरात जुळलं.

आई एकोणनव्वद साली गेली. शेवटपर्यंत म्हणायची, “बन्सीनं हात कापून घेतला रे आपल्यापायी.” मी तिला सांगितलं नाही. त्या गावातलं दुसरं काही चांगलं तिच्याजवळ उरलं नव्हतं, तेवढंही काढून कसं घेऊ? म्हणून सुलालाही सांगितलं नाही. आमच्यात राखी नाही, तरी ती बांधते. बांधून आली की मला पत्र टाकते, दादाची तब्येत बरी आहे म्हणून. तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही त्याचं कारण एवढंच. खरं लिहिलं असतं तर फिरून तिच्यापर्यंत गेलं असतं. खोटं मला लिहिता येत नाही.

माफी मागू नकोस. डॉक्टरांना डाव्या हाताचं सांग.

मुंजाजी खिल्लारे


पूर्णा
रविवार, १३ फेब्रुवारी १९९४

मुंजाजी,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. हिशेब बरोबर आहे.

मूठ कटआऊट काढताना फुटली. दोन वाजता. हात डी.पी.च्या पेटीवर घासत खाली आला. मी फडकं आवळून बांधलं, घरी गेलो आणि बाजेवर बसलो. चारला धूर दिसला. घरात खुंटीला सुट्टा कटआऊट लटकत होता, तो डाव्या हातानं बसवता आला असता. मी उठलो नाही.

सव्वाचारला तुझी आई दारात आली. धुरपतामाय कधी आमच्या उंबऱ्याशी आली नव्हती, त्या दिवशी उंबऱ्याच्या आत आली.

“बन्सी, लेकरा, मोटार सुरू कर रे. पोहऱ्यानं काय व्हतंय? आग लय हाय.”

मी हात पुढं केला. म्हटलं, “माय, आत्ता जोडायलाच गेलतो. हात कापला बघ.”

तिनं माझं फडकं सोडलं. सोडलं तशी धार लागली. तिनं पदर दातात धरून टर्रकन फाडला आणि बांधला, मुंजाजी, जळत्या घराला पाठ करून दोन गाठी मारून बांधला. “जा बाबा, मुंजाजीकडं जा. रक्त लय चाललंय.” आणि ती विहिरीकडं पळाली.

तू माफी मागू नको म्हणतोस, म्हणून मागत नाही.

काल गावाला जाऊन आलो. फाट्यापासून वस्तीपर्यंत चार वेळा बसावं लागलं. सुलाबाई अंगणात तूर बडवत होती.

“दादा, तू? अन् आज? राखीला सहा म्हैने हायेत आजून.”

मी उभ्यानंच सांगितलं. दोनपासून पाचपर्यंत सगळं. ती बडवायची थांबली नाही. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही, म्हणून परत सांगायला लागलो.

“ऐकलं मी,” म्हणाली. “हैदराबादला कवा जायचंय तुला?”

“शुक्रवारी.”

“मंजे मरायच्या आधी वझं उतरवायला आलास व्हय माझ्या दारात?”

“तसं नाही, सुलाबाई.”

“तसंच हाय. मरनाऱ्या मानसाला कोन काय बोलावं? तुला सोपं पडतंय. मी रडीन, म्हनीन जाऊ दे दादा, झालं गेलं. अन् तू जाशील मोकळा.” तिनं बडवणं खाली टाकलं. “जगून ये. छाती धड करून ये अन् मंग सांग. मला एकलीला न्हाई. पान्याच्या टायमाला, विहिरीवर, सगळ्यांम्होरं.”

“आणि नाही आलो तर?”

“तर मायचंच खरं म्हनीन मी. कुनी इचारलं तर हेच सांगीन, बन्सीदादानं हात कापून घेतला. जा.”

पाणीही विचारलं नाही. बरोबरच आहे.

आज सकाळी डाव्या तळव्याचा रंग यायला बारा सेकंद लागले. दुपारी परत मोजलं. तेरा.

बन्सीधर


हैदराबाद
मंगळवार, २२ फेब्रुवारी १९९४

मुंजाजी,

झालं. काल. ओळीनं लिहितो.

तुझा पहिला परिच्छेद मी डॉक्टरांना उलगडून सांगितला. दोन टोकं, दोन दोन गाठी म्हटल्यावर त्यांनी परत सांगायला लावलं. “ये ड्रेसर हैं? सर्जन का हाथ है.” कळवा असं ते म्हणाले नाहीत, मी कळवतो.

मग डावी मूठ. त्यांनी मोजले दहा. मी म्हणालो, बारा झाले.

“उस्ताद, मेरी घडी में दस.”

“तुमची घडी मागं आहे, साहेब.”

“तो आपकी घडी से कल घर जाओ, मेरी घडी से आज करते.”

झोपवत नाहीत. डावा हात फळीवर पट्ट्यानं बांधला, तळवा वर. सुई टोचताना फार लागलं नाही. नळी आत गेली तसं कोपरापर्यंत ऊन पाणी सोडल्यासारखं झालं. डोक्यावर यंत्र, बाजूला काचेचा पडदा, त्यावर काळी तार वळवळत दंडातून चाललेली मी स्वतः बघितली. चांगलं काम कुठलंही असो, बघत राहावं वाटतं.

आणि दंडाच्या मध्यावर ती थांबली. नस नळीला आवळून बसली. पुढं जाईना, मागं येईना. ओढली की खांद्यापर्यंत शिरशिरी नाही, सरळ कळ. ताणली तर नस तुटेल एवढं मला न सांगता कळत होतं. अडकलेली तार ओढायची नसते, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगतो.

“हाथ ढीला छोडो उस्ताद. कैकू पकड के बैठे?”

सोडता येईना. माझा हात, पण माझं ऐकेना. डॉक्टर हात वर करून नुसते उभे राहिले. औषध सोडलं आणि म्हणाले, रुकते. भिंतीवरच्या घड्याळात मी नऊ मिनिटं मोजली. त्या नऊ मिनिटांत देवाचं नाव आलं नाही. एवढंच येत होतं की ही नस इथं फाटली तर सुलाबाई सगळ्यांना सांगत राहील, बन्सीदादानं हात कापून घेतला. तिची पोरं सांगतील. माझ्या मातीला येऊन सांगतील.

दहाव्या मिनिटाला नळी आपोआप मोकळी झाली. “हौ, अब आया,” डॉक्टर म्हणाले.

हृदयाच्या पुढच्या बाजूची नस नव्वद टक्के बुजली होती. पडद्यावर नदी यावी आणि एका जागी सुताएवढी व्हावी, तशी. फुगा तिथं नेला आणि फुगवला. साठ सेकंद. त्या साठ सेकंदांत त्या नसेतून काहीच जात नाही, छातीवर कुणी ऐरण ठेवल्यासारखं. मी एक ते साठ मोजले, आवाज काढून. परत एकदा फुगवला, परत साठ. मग फुगा मिटवून औषध सोडलं आणि जिथं सूत होतं तिथं बोटभर काळी धार सरळ खाली उतरली.

“देखो उस्ताद, पानी आ गया.”

मी डोळे मिटले. त्यांना वाटलं, दुखतंय.

दुसरी नस सत्तर टक्के आहे, ती गोळ्यांवर ठेवलीय. मनगटाला आवळपट्टी. जांघेतून केलेले लोक चोवीस तास पाय हलवू शकत नाहीत, मी संध्याकाळी वॉर्डभर फिरलो. आज तळव्याचा रंग आठ सेकंदांत आला. मात्र डॉक्टरांनी साफ सांगितलं, फुग्यानं उघडलेल्या नसा सहा महिन्यांत तिघांतल्या एकाच्या परत बुजतात. म्हणजे फार थांबण्यासारखं नाही.

बन्सीधर


पूर्णा
शनिवार, ५ मार्च १९९४

मुंजाजी,

काल गावाला गेलो. फाट्यापासून वस्तीच्या विहिरीपर्यंत नऊशे चाळीस पावलं. एकदाही बसलो नाही. बसायचं निमित्त शोधत होतो, पण छाती धड होती.

पाण्याची वेळ, सकाळचे आठ. पंधरा-वीस बाया, काही गडी. सुलाबाई घागर भरत होती. तिनं मला बघितलं, नळीखालची घागर बाजूला घेतली आणि नुसती उभी राहिली.

मी सुरुवात केली ती मोटारीपासून. पाच हॉर्सपॉवर, मिनिटाला तीनशे लिटर. कुसुमबाई म्हणून तुमच्या शेजारची म्हातारी आहे, ती म्हणाली, “ह्यो काय मोटारीचं शिकवायला आलाय का?” बाया हसल्या.

“बोलू द्या त्याला,” सुलाबाई म्हणाली.

मग मी सांगितलं. पावणेदोनला व्यंकटराव काय बोलले. ते सत्त्याऐंशीला वारले, त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. म्हणून त्यांचं एकच वाक्य सांगितलं आणि पुढचं माझं. दोनला कटआऊट काढला. काढताना हात कापला. चारला धूर बघितला. सुट्टा कटआऊट खुंटीला होता. सव्वाचारला धुरपतामाय आली आणि मी तिला हात दाखवून खोटं बोललो. पंचनाम्यात खोटं बोललो. पंधरा वर्षं सुलाबाईकडून राखी बांधून घेतली.

सिताराम ओट्यावर बसला होता. तो चंबू हातात घेऊन उठला. मला वाटलं फेकून मारतो.

“माझं घर शेवटी पेटलं,” म्हणाला. “पाचाला.” आणि निघून गेला.

पंधरा वर्षं मी चार घरं मोजत होतो. कुणाची ते कधी मोजलं नव्हतं.

सुलाबाईनं विचारलं, “दोनाला हात कापला. चारला पेटलं. मधी दोन तास काय करत व्हतास?”

मुंजाजी, बाकी सगळ्या प्रश्नांना माझ्याकडं आकडा होता.

“बसलो होतो,” म्हणालो.

“अन् पेटल्यावर?”

“तेव्हाही बसलो होतो.”

तिनं घागर उचलून डोक्यावर ठेवली. दादा म्हणाली नाही. जाता जाता म्हणाली, “मुंजाजीला लिव्ह हे. जसं आत्ता बोललास तसंच. वाढवून न्हाई अन् कमी करून न्हाई.”

तसंच लिहिलं आहे.

बन्सीधर